ग्लोव्हबॉक्सच्या देखभालीचेही पैसे धरा

संपादक महोदय,

सेंद्रिय सौरघट आणि ओएलईडीवर (सेंद्रिय पदार्थांच्या, प्रकाश देणाऱ्या डायोडवर) काम सुरू करू पाहणाऱ्या पुण्यातील महाविद्यालयांना कळकळीची विनंती : अंदाजपत्रकात ग्लोव्हबॉक्सच्या (नायट्रोजन भरलेल्या, हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीच्या) किमतीशेजारी देखभालीचा खर्चही मांडा. आयटीओ या पारदर्शक, वीजवाहक ऑक्साइडचा लेप असलेली काच साबणपाणी, शुद्ध पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल यांत प्रत्येकी १० ते १५ मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुणे कुठेही जमते. पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरचा सुमारे ४० नॅनोमीटरचा थरही काच वेगाने फिरवून द्रावण पसरवणाऱ्या स्पिन कोटरवर उघड्या हवेत चढवता येतो. पण हा थर भारी ओलावा शोषतो. १४० अंशांवर १० मिनिटे तापवून तो लगेच नायट्रोजनमध्ये गेला पाहिजे. पुण्याच्या जुलैत काच गार व्हायला बाहेर ठेवणेसुद्धा नडते.

खरी कसोटी कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोडची. पेटीत ऑक्सिजन आणि बाष्प दशलक्षात एका भागाच्या वर गेले, की कॅल्शियम ऑक्सिडाइज होऊ लागते. धूलिकणामुळे इलेक्ट्रोडमध्ये राहिलेल्या छिद्रातून ओल शिरते आणि ओएलईडीवर काळे ठिपके पसरतात. पेटीत हवा आणि ओल शिरायला हातमोज्याची एक बारीक चीर पुरते! मग मोजमाप बिघडते आणि दोष बिचाऱ्या पदार्थाला दिला जातो. मोजे, नायट्रोजन, पेटीतला ऑक्सिजन आणि ओल शोषणारा शुद्धीकरण स्तंभ ताजा करायला लागणारा हायड्रोजनमिश्रित वायू, ही तरतूद किमान तीन वर्षांसाठी खरेदीच्या प्रस्तावातच हवी.

– सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर काम करणारे भौतिकशास्त्राचे संशोधक, पुणे