झोप हरवलेल्या मित्रास

प्रिय भावा,

रात्रीची झोप लागत नाही, आणि 'अशा वेळी तुमचा येशू काय करतो रे?' असं तू चिडून लिहिलंयस. चिडलास ते बरं केलंस. गप्प बसला असतास तर मला जास्त काळजी वाटली असती.

ऑगस्ट २०१९चा कोल्हापूरचा पूर आठवतोय ना? राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५च्या वर गेलेलं. शाहूपुरीतल्या दुकानाचं शटर उचललं तर वह्या फुगून रॅकात अशा गच्च बसलेल्या, की पहारीनं उचकटाव्या लागल्या. सगळा माल जूनमध्ये उधारीवर भरलेला. पुढं झोप गेली, जेवण गेलं, डोक्यात नको नको ते यायला लागलं. तुझ्या वहिनीलाही मी कळू दिलं नाही.

आमच्या चर्चमधली माणसं खराटे, बादल्या घेऊन आली. 'देवाची इच्छा' असलं कुणी काही बोललं नाही, म्हणून तर मला ती सहन झाली. चिखल काढून झाल्यावर पाळकसाहेबांनी तिथंच पायरीवर बसून बायबलमधली एलीयाची गोष्ट वाचली. एवढा मोठा संदेष्टा, पण रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर.

ते ऐकलं आणि मी पहिल्यांदा मोठ्यानं रडलो.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत ८८वं स्तोत्र आहे. बाकीची रडगाणी शेवटी बहुतेक आशेकडं वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते बायबलमध्ये ठेवलंय, काढून टाकलेलं नाही. रात्री मी तेच वाचायचो. गोड शब्द जमत नव्हते, तक्रार जमत होती.

आणि हो, डॉक्टरकडंही गेलो, गोळ्या घेतल्या. 'प्रार्थना कर, गोळ्या कशाला' म्हणणारे आमच्यातही आहेत, मला त्यांचा रागच येतो. मिरजेत मिशनरी वानलेस डॉक्टरांनी दवाखाना काढला तो येशूच्याच नावानं ना? कर्ज काही प्रार्थनेनं फिटलं नाही, हप्ते भरूनच फिटलं. पण ते भरायला मी जिवंत होतो.

तू अंबाबाईचा, मी रविवारी चर्चला जाणारा, शाळेपासून आपलं असंच आहे. तुला चर्चला ओढायला हे लिहीत नाही. देवाला शिव्या घालायच्या असल्या तर बिनधास्त घाल, पण एकटा बसू नकोस. रात्री फारच जड झालं तर १४४१६ला फोन लाव. टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी लाइन आहे, फुकट आणि चोवीस तास. नाहीतर मला लाव, कितीही वाजले असले तरी.

शनिवारी ये. वहिनी तांबडा-पांढरा करणार आहे. रविवारी मी उपासनेला गेलो तर तू खुशाल झोप, कुणी उठवणार नाही. स्वारगेटला गाडीत बसलास की कळव, स्टँडवर घ्यायला येतो.

तुझाच,
दुकानदार