मिसिसिपीचे उदाहरण अर्धवट उचलू नका: अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री,
अमेरिकेची संयुक्त संस्थाने

स. न. वि. वि.

2024 च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीतल्या 40 टक्के मुलांना वाचनाची ‘बेसिक’ पातळीही गाठता आली नाही. त्याच चाचणीत मिसिसिपीला 219 गुण मिळाले, देशाच्या सरकारी शाळांची सरासरी 214. 2013 मध्ये हेच राज्य 209 वर होते आणि देश 221 वर. साहजिकच आता जो तो मिसिसिपीचे नाव घेतो. चर्चेत मात्र 2013 च्या तिथल्या कायद्यातले एकच कलम उरते: तिसरीअखेर वाचता आले नाही, तर मुलाला त्याच वर्गात ठेवा. ते कलम लिहायला सोपे आहे. मेहनत आणि खर्च लागतो तो त्याआधीच्या वर्षांना, आणि आमच्या मते फरक तिथेच पडला.

मूळ दुखणे शिकवण्याच्या पद्धतीत आहे. अनेक शाळांत वर्षानुवर्षे मुलांना शब्द ओळखण्यासाठी चित्र पाहा, पहिले अक्षर पाहा, वाक्यात काय बसेल ते सांगा, असे शिकवले गेले. मग ‘हॉर्स’च्या जागी मूल ‘पोनी’ म्हणते आणि ते चालूनही जाते. तिसरी-चौथीत पुस्तकातली चित्रे कमी होतात, शब्द लांबतात आणि अंदाज चुकू लागतो. मराठी मुलाला क ला काना का एकदा समजला की तो सगळीकडे का असतो. इंग्रजीत 26 अक्षरांवर सुमारे 44 ध्वनींचा भार आहे. ‘कॅप’च्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘ई’ लागला की ‘केप’ होते, हे मुलाला आपोआप सुचत नाही. म्हणून आधी ऱ्हस्व स्वरांचे तीन अक्षरी शब्द, मग जोडव्यंजने, मग असे मूक ‘ई’चे शब्द, या क्रमाने रोज शिकवावे लागते. सोबत शब्दसंग्रह आणि आकलन हवेच.

मिसिसिपीने शिक्षकांना हे शास्त्र शिकवले, सर्वांत मागे पडलेल्या शाळांत वाचन-प्रशिक्षक पाठवले आणि बालवाडी ते तिसरीच्या मुलांची वर्षातून तीनदा तपासणी सुरू केली. एकदाच्या कार्यशाळेने वर्ग बदलत नाही. प्रशिक्षकाने वर्गात बसून धडा घेऊन दाखवावा लागतो, आणि शिक्षकाच्या मूल्यमापनाचे काम त्याच्याकडे देऊ नये, नाहीतर शिक्षक अडचणी लपवतात. हेही मान्य करायला हवे की आठवीत मिसिसिपी अजून देशाच्या सरासरीच्या खालीच आहे. पाचवीनंतरच्या लांब, परक्या शब्दांसाठी वेगळी तजवीज लागणार.

अभ्यासक्रम ठरवायला केंद्राला कायद्याने मनाई आहे, हे आम्ही जाणतो. पण ‘टायटल टू’चे, म्हणजे केंद्रीय शिक्षण कायद्याच्या दुसऱ्या भागाखाली राज्यांना मिळणारे, वर्षाला सुमारे 220 कोटी डॉलर प्रामुख्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आहेत. जुलै 2025 मध्ये ते काही आठवडे अडकले, नेमके शाळा सुरू होण्याआधी, जेव्हा प्रशिक्षणे होतात आणि प्रशिक्षकांच्या नेमणुका ठरतात. हा निधी दरवर्षी 1 जुलैला राज्यांच्या हाती पडेल याची हमी द्या. तो राज्याने हवा तिथे खर्च करायच्या एकरकमी अनुदानात मिसळू नका. तसे झाले की प्रशिक्षणाचा पैसा सर्वांत आधी दुसरीकडे वळतो.

दुसरी मागणी मोजमापाची. मार्च 2025 मध्ये आपल्या खात्याचे मनुष्यबळ जवळपास निम्मे झाले आणि राष्ट्रीय चाचणी घेणारे शैक्षणिक आकडेवारीचे केंद्र तर जवळजवळ रिकामे पडले. चाचणीचे प्रश्न, नमुना निवड आणि निकाल यांवर देखरेख करणारे तज्ज्ञ परत नेमा. मिसिसिपी वर चढले हे देशाला कळले ते याच चाचणीमुळे.

कळावे,
प्राथमिक वाचन-शिक्षणात काम करणारे अमेरिकेतील मराठी शिक्षक