नमुना कोण काढतो, ते आधी ठरवा

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस सादर नमस्कार.

मी ठाण्यात घोडबंदर रोडलगत राहतो. डांबर-खडी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी 22 वर्षं नोकरी झाली. मार्शल टेस्ट, म्हणजे डांबर-खडीच्या मालाची ताकद बघायची चाचणी, तर हातात बसलेली होती: साच्यातल्या मालावर दोन्ही बाजूंनी 75-75 ठोके, मग 60 अंशांच्या पाण्यात अर्धा तास, मग यंत्रात दाब. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराच्या मालाने किमान 9 किलोन्यूटन भार सोसायला हवा, आत पोकळी 3 ते 5 टक्केच हवी.

आमच्याकडे आलेले बहुतेक नमुने पास व्हायचे आणि रस्ते पावसात उखडायचे. नमुना पिशवीतून यायचा आणि पिशवी ठेकेदाराचाच माणूस आणायचा. प्लांटवरचा ताजा, निवडून भरलेला माल. आम्ही तपासत होतो ती पिशवी, रस्ता नव्हे. हे मी तेव्हाच मोठ्याने बोलायला हवं होतं.

गेल्या मे महिन्यात आमच्या भागात रात्री डांबरीकरण झालं. डंपर कोंडीत अडकून उशिरा आला, ताडपत्री अर्धी उडालेली. हा माल 140 अंशांच्या वर असतानाच पसरायचा असतो आणि 90 च्या खाली जाण्याआधी रोलिंग उरकायचं असतं. मी थर्मामीटर खुपसला, काटा 112 वर थांबला. मुकादम म्हणाला, "काका, बाजूला व्हा." माल तसाच पसरला.

जुलैत तिथेच खड्डा पडला. कडेचा तुकडा उचलला तर बोटांत भुगा झाला. खडी एका अंगाने उघडी, धुतल्यासारखी. गार माल दबत नाही, पोकळी राहते, तिथे पाणी शिरतं आणि वरून चाक गेलं की ते पाणी खडीवरचं डांबर सोडवतं. त्या खड्ड्यात दुचाकीवरून पडलेल्या शेजारच्या मुलीचं मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे.

म्हणून मागणी एवढीच, की अंथरलेल्या रस्त्यातूनच कोअर, म्हणजे गोल नळकांड्यासारखा तुकडा, कापा. जागा तिथल्या तिथे चिठ्ठी टाकून ठरवा. रहिवाशांच्या सह्या घेऊन नमुना सील करा आणि ठेकेदाराचा हात न लागता प्रयोगशाळेत पाठवा. घनता कमाल सैद्धांतिक घनतेच्या, म्हणजे आत अजिबात पोकळी नसती तर भरली असती तिच्या, 92 टक्क्यांखाली भरली तर बिल थांबवा. प्रत्येक डंपरचं तापमान वहीत लिहा आणि तापमान आणि घनता या दोन्हींचे आकडे रस्त्यावरच्या फलकावर लावा. ही अट निविदेतच घाला.

आमच्या भागात कोअर कापायचा असेल त्या रात्री मी हजर राहीन. कापलेलं भोक मात्र त्याच रात्री गरम मालाने भरून, ठोकून घ्यावं.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ठाणे (पश्चिम)