गणिताच्या मास्तरला वर जायचं तर वर्ग सोडायचा, हे कुणी ठरवलं?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी एक पत्र लिहून दिलं. आमचे मुख्याध्यापक मे अखेर रिटायर होतायत, ज्येष्ठता यादीत पुढचा नंबर माझा, आणि मला ते पद नकोय. आता खाजगी अनुदानित शाळेत नुसतं तोंडी नको म्हणून भागत नाही, १९८१ ची नियमावली आहे, त्याप्रमाणे मी माझा हक्क सोडतोय असं लेखी द्यायचं आणि ते शिक्षणाधिकारी ऑफिसला जातं. चांगला नियम आहे तसा, संस्थेनं दमदाटी करून लिहून घेतलं नाही ना हे बघायला. आमचा क्लार्क शेजारीच उभा होता, म्हणाला, "सर, कारण काय लिहिताय?" मी लिहिलं, वैयक्तिक.

खरं कारण दहावी ब. पण ते अर्जात कसं लिहिणार, म्हणून तुम्हाला लिहितोय.

आमच्याकडे पूर्वी एक सर मुख्याध्यापक झाले ते मूळचे गणिताचेच. फळ्यावर कंपास न लावता एका झटक्यात वर्तुळ काढायचे, आणि पोरं मधल्या सुट्टीत दोरी लावून तपासायची की खरंच गोल आहे का! पद मिळालं आणि पहिल्याच टर्ममध्ये वर्ग सुटला. सुरुवातीला हौसेनं आठवड्याला चार तास स्वतःकडे ठेवलेले, पण त्यातले दोन मीटिंगला जायचे, एक शालार्थच्या (पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीच्या) पगारबिलात, आणि उरलेल्या तासाला कुणीतरी दारात येऊन उभं, सर युडायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती आजच भरायचीय. पोषण आहाराचा तांदूळ आला की पोती मोजायला हेच. एकदा मी स्टोअररूमच्या दारात बघितलं त्यांना, हातात रजिस्टर, किती पोती आली किती उरली. त्यांनीच मला बघून म्हटलं, "काय सर, वजाबाकी तेवढी राहिलीय आता." हसलो आम्ही दोघंही. त्यांचा दहावीचा वर्ग तेव्हा केमिस्ट्रीच्या एका बाईंकडे गेला, बाई कष्टाळू होत्या, पण भूमितीची सिद्धता त्या स्वतःच रात्री पाठ करून यायच्या.

मी ९८ साली लागलो. म्हणजे शिक्षणसेवक योजनेच्या (नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं नुसतं ठराविक मानधन) आधी, पूर्ण पगारावर, आणि जुन्या पेन्शनमध्ये, त्यामुळे माझं रडगाणं पगाराचं नाही हे आधीच सांगतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या, जुनी पेन्शन नसलेल्या माझ्या सहकाऱ्यांपुढे मी पगार-पेन्शनवर तोंड उघडणं बरं दिसणार नाही.

मला म्हणायचंय ते असं, की सत्तावीस-अठ्ठावीस वर्षात गणिताच्या माणसाकडे जे साठतं त्याला आपल्या सिस्टीममध्ये जागाच नाही. काय साठतं? गणित नाही, ते पुस्तकात आहेच. साठतात चुका. आठवीतली मुलगी १/२ + १/३ = २/५ लिहिते, वर वर मिळवलं खाली खाली मिळवलं. नवीन माणूस लाल रेघ मारतो आणि लसावि काढायची रीत परत सांगतो, ती मान डोलावते आणि पुढच्या आठवड्यात परत २/५. मी पण पहिली पाचसहा वर्षं हेच केलं. नंतर कधीतरी सुचलं, तिला फक्त विचारायचं, अर्धी भाकरी होती तुझ्याकडे, आईनं त्यात आणखी वाढली, मग अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली गं? कारण २/५ म्हणजे दशांशात ०.४, अर्ध्याहून कमीच. ती थांबते, वही बघते, परत माझ्याकडे बघते, आणि त्या थांबण्यात खरं काम होतं, लसावि नंतर दोन मिनिटात समजतो. नववीत तीच मुलगी (a + b)² = a² + b² लिहिणार हे पण मला माहितीय, आणि a ला ३, b ला ४ घेऊन तिलाच करायला लावलं की एकीकडे ४९ आणि एकीकडे २५ येतात आणि ती स्वतःच म्हणते, सर काहीतरी गडबड आहे. अशा शेदोनशे गोष्टी प्रत्येक जुन्या गणित शिक्षकाच्या डोक्यात आहेत आणि ५८ पूर्ण झाली की नारळ, शाल आणि त्या गोष्टी सगळं एकाच पिशवीतून घरी जातं.

आता प्रगती म्हणून आम्हाला काय आहे बघा. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणी. त्यात निवड श्रेणी २० टक्क्यांनाच. आमच्याकडे हिशोबात बसणारे ७ जण, म्हणजे १.४ माणूस, ०.४ माणूस कसा निवडायचा ते मला गणित शिकवूनही कळलेलं नाही. २०२२ मध्ये माझी २४ वर्षं झाली तेव्हा त्या श्रेणीसाठी २००० रुपये भरून ऑनलाइन प्रशिक्षण केलं, व्हिडिओ पुढे सरकत राहतात, खाली प्रश्न येतात, टिक करायचं. माझ्या विषयाचं त्यात मला शोधूनही फार काही सापडलं नाही. शिक्षकेतर आणि इतर सरकारी कर्मचाऱ्यांसारखी १०-२०-३० (म्हणजे १०, २० आणि ३० वर्षांनी वरची वेतनश्रेणी) आम्हालाही द्या म्हणून संघटना मागणी करतात, मिळायलाच पाहिजे, पण ती मिळाली तरी माझा मुद्दा तिथंच राहतो, कारण त्यातही मोजणार वर्षंच. वर्गातलं काम कोण बघतंय? आणि पद हवं असेल तर पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक, म्हणजे एकेक पायरी वर्गापासून लांब. चांगल्या बॉलरला बक्षीस म्हणून ग्राउंडचा मॅनेजर करायचं, असला प्रकार.

दोन वर्षांपूर्वी पवित्र पोर्टलवरून (शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल) आमच्याकडे एक मुलगा आला. शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना १८ हजार, तीन वर्षं. (२०२३ च्या आधी तर ८ हजार होते.) बी.एस्सी. बॉटनी. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान असा एकच गट धरतात त्यामुळे बॉटनीवाल्याला गणित घ्यावंच लागतं, त्याचा काय दोष. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला, "सर, मी तुमच्या तासाला मागं बसलो तर चालेल का?" अठ्ठावीस वर्षात हे मला विचारणारा पहिला माणूस! मी म्हटलं ये की. पण टाइमटेबल बघितलं तर माझे तास तेव्हा त्याचेही तास, त्याला ऑफ तेव्हा मला ऑफ. शेवटी आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर बसायला लागलो, तो त्या आठवड्याच्या वह्या आणायचा, आम्ही चुका वाचायचो, नुसत्या चुका. चहा माझा, वडापाव त्याचा. यंदा बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, काम त्याच्या गळ्यात पडलं आणि ते पण बंद झालं. हे बसणं कुठल्याही रेकॉर्डवर नाही, ना त्याच्या ना माझ्या.

आणि जुन्या माणसांची किंमत सरकारला कळत नाही असंही नाही हं. जुलै २०२३ मध्ये जीआर निघाला की जिल्हा परिषद शाळांत रिटायर झालेल्या शिक्षकांना ७० वर्षांपर्यंत कंत्राटावर घ्या, महिना २० हजार. पण कशासाठी, तर भरती होईपर्यंत रिकाम्या जागा भरायला. म्हणजे अनुभव हवाय तो ठिगळ लावायला. ज्याला काम येतं त्याला काम शिकवायला लावू हे कुणाच्या डोक्यात येत नाही. दहावीला गणितात २० मार्कांवरही पुढे जाऊ द्यायचं अशी चर्चा २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्तानं झाली तेव्हाही तेच. मुलं ३५ वरून घसरतात ती नेमकी कुठल्या इयत्तेतल्या कुठल्या धड्यावर, हे पेपर तपासणारा कुणीही मास्तर सांगेल, विचारा तर. मी स्वतः बोर्डाचे पेपर मॉडरेट केलेत, भाग एक आणि भाग दोन, ४०-४० मार्कांचे. गठ्ठा कुठल्या शाळेचा ते कळत नाही पण सातवीला अपूर्णांक नीट झालेला नाही हे तिसऱ्या पेपरला कळतं. ते मी कुणाला कळवायचं? तसा रकानाच नाही.

सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं आठवीपर्यंत शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्यांना दोन वर्षात टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंय, त्यामुळे स्टाफरूममध्ये पंचेचाळिशीची माणसं मानसशास्त्राची गाइडं घेऊन बसलीयत. कोर्टाच्या निकालावर मी काय बोलणार, माझी तर नोकरीच कमी उरलीय. एवढंच वाटतं की परीक्षा घेताय तर घ्या, पण आठवीच्या खऱ्या दहा वह्या समोर ठेवा आणि विचारा हे पोरगं असं का चुकलंय.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्यात गणिताच्या दोनतीन जुन्या शिक्षकांना पर्यवेक्षकाची श्रेणी द्या पण पर्यवेक्षक करू नका. निम्मे तास त्यांच्याच शाळेत, दहावीसकट, आणि निम्मा वेळ आसपासच्या शाळांतल्या नवीन लोकांच्या वर्गात मागच्या बाकावर. तपासणीला नाही, शेरेबुक न घेता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलेलंच आहे की शिक्षकाला त्याच टप्प्यावर राहून बढती मिळाली पाहिजे, मी काही नवीन सांगत नाहीये. पैसे किती लागतील? श्रेणीतला फरक आणि एसटीचं भाडं.

घरी मिसेस अजून चिडलेलीय. लोक त्या खुर्चीसाठी कोर्टात जातात आणि तुम्ही सोडता, आणि लग्नपत्रिकेत नावापुढे मुख्याध्यापक लागलं असतं ते वेगळंच (मुलीचं लग्न आहे डिसेंबरात). तिला मी अजून पटवू शकलेलो नाही.

पत्र छापलंत तर नाव मात्र छापू नका, माझ्या त्या नकारपत्रावर वरून सही यायचीय अजून.

आपला,
एक गणित शिक्षक, जि. सातारा