नळी खांद्यावर घे

सांगली,
9 नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

तुझं पत्र पोचलं. अण्णांची मारुती 800 घरीच रंगवणार म्हणतोस. रंग फवारायच्या गनचं कौतुक दोन पानं आणि हवेच्या नळीबद्दल एकच ओळ, 'कंप्रेसरबरोबर आलेलीच आहे.' ती ओळ वाचून पोटात गोळा आला, म्हणून हे लांबण.

मागच्या वर्षी मेहुण्याच्या जीपचं बॉनेट मारत होतो. शेवटचा कोट, अगदी आरसा. पलीकडची कड गाठायला वाकलो आणि नळी बॉनेटवर लोळली. नुसती नळी टेकली असती तरी निभावलं असतं, पण सांध्यावरच्या क्लिपच्या स्क्रूनं ओल्या रंगात वीतभर ओरखडा काढला. वाळव, घोट, पुन्हा मार! तेव्हापासून नळी खांद्यावरून पाठीमागं सोडतो, रिकाम्या हातात तिचा एक वेढा धरतो. आणि प्रत्येक क्लिपवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. दिसायला भिकार, पण चालतं.

तुझी ती स्प्रिंगसारखी नळी माळ्यावर टाक. हात मागं ओढते, आणि बहुतेक आतून बारीकही असते. साधी रबरी घे, आतून 10 मिमी. 8 चालेल, 6 नको. माझी बारीक होती तेव्हा दाब ठरवायच्या रेग्युलेटरवर 40 पौंड दिसायचे आणि ट्रिगर ओढला की गनपाशी 25 सुद्धा नसायचे. रंग नीट फुटायचा नाही, पत्र्यावर संत्र्याची साल! मी महिनाभर थिनरवाल्याला शिव्या घातल्या बिचाऱ्याला. प्रेशर गनच्या मुठीशीच बघ, तेही ट्रिगर ओढून. कपलरही, म्हणजे नळी झटकन जोडायचे-सोडायचे सांधे, मोजून लाव, कारण प्रत्येकाचं भोक नळीपेक्षा बारीक. माझ्या लाइनीत चार होते, दोन काढले आणि गन मोकळा श्वास घ्यायला लागली.

चिपळूणच्या दमट हवेत खरी कटकट पाण्याची. कंप्रेसरमधून हवा गरम निघते. पाणी अडवायचा फिल्टर टाकीलाच चिकटवलास तर पाणी वाफेच्या रूपात त्यातून निसटतं आणि पुढं नळीत गार होऊन थेंब होतं. मध्ये सात-आठ मीटर जाऊ दे, मग फिल्टर. टाकीखालचा कॉक रोज सोडायचा. भिंतीवरून पीव्हीसी पाइप मात्र फिरवू नकोस. हवेच्या दाबानं फुटला की तुकडे सुऱ्यांसारखे उडतात.

नट खोलायच्या हवेच्या गनला तेल लागतं, म्हणून तिची नळी रंगाला वापरायची नाही. तेलाचा एक थेंब आला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. सांध्यांच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळ, नाहीतर टेपचे धागे गनमध्ये. गळती साबणाच्या फेसानं शोध. आणि रंग मारण्याआधी सगळी नळी ओल्या फडक्यानं पूस, जमिनीवरची धूळ तीच गाडीवर आणते.

माझे काढलेले दोन पितळी कपलर एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. तुझ्या निपलला, म्हणजे कपलरमध्ये घुसणाऱ्या तोंडाला, बसतात का बघ. रंग कोणता ठरला ते लिहिलंच नाहीस. अण्णांना पांढराच हवा असणार.

तुझा,
बाळ्या