सुहास, शार्लटलाच जाऊ या

एडिसन, न्यू जर्सी
१४ जून

प्रिय सुहास,

ऑक्टोबरात आपण पाच जणांनी डिस्क गोल्फ खेळायला कुठे जायचं, यावर ग्रुपवर आता मी एक अक्षर लिहिणार नाही. पाच जणांची पाच तोंडं, त्यात बंड्याचे ते फॉरवर्ड केलेले व्हिडिओ, मुद्दा कुठल्या कुठे वाहून जातो. शिवाय तुला एकदा पटलं की बाकीचे कुरकुरत का होईना येतात, हे हॉस्टेलपासूनचं आहे. म्हणून हे पत्र तुला एकट्याला. लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी काकूंची तब्येत कशी आहे ते कळव. गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं असं वहिनी हिला म्हणाल्या. मग ऑक्टोबरात चार दिवस निघायला तुला अडचण नसावी, असं धरून पुढचं लिहितोय.

तुझं मत एम्पोरिया. बरोबर आहे, चेंडूऐवजी चकती फेकत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा हा आपला खेळ, तो खेळणाऱ्या माणसानं एम्पोरिया पाहायलाच हवं. कॅन्ससमधलं पंचवीसेक हजार वस्तीचं गाव, पण डिस्क बनवणारी डायनॅमिक डिस्क्स ही कंपनी तिथलीच, २०१६ आणि २०२२ च्या जागतिक स्पर्धा तिथे झाल्या, तुझ्या लाडक्या पॉल मॅकबेथनं सहावं जागतिक विजेतेपद तिथेच घेतलं. आणि मला त्या गावात एक गोष्ट फार ओढते, ती म्हणजे पीटर पॅन पार्क. तिथल्या वर्तमानपत्राचे संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांची मुलगी मेरी १९२१ मध्ये घोडेस्वारी करताना झालेल्या अपघातात गेली, सोळा वर्षांची होती. घरच्यांनी या पार्कची जमीन गावाला बागेसाठी दिली. आज तिथे बास्केट आहेत, पोरं डिस्क फेकतात. एवढ्यासाठीसुद्धा मी कधीतरी जाईन.

पण पाच जणांनी? विमान कॅन्सस सिटीला किंवा विचिटाला, मग दीड-दोन तास गाडी. तेही चाललं असतं. घोडं अडतं वाऱ्यापाशी. फ्लिंट हिल्सचा तो गवताळ, उघडा मुलूख, आणि त्यात बंड्या. बंड्याची फेक दीडशे फूट, तीही डोळे मिटून. समोरून वारा आला की त्याची डिस्क उलटते आणि भलतीकडे गडगडत जाते. आणि सुहास, उघडं माळरान आणि वारा तर तुला डॅलसमध्ये घरबसल्या मिळतो. त्यासाठी कॅन्ससला कशाला जायचं?

मिलिंदचं म्हणणं सगळ्यांनी त्याच्याकडे कॅलिफोर्नियात यावं. पॅसाडिनाजवळच्या ओक ग्रोव्हला १९७५ मध्ये पहिला कायमचा कोर्स झाला, तिथे डोकं टेकवायचं, मग गाडीनं वर सांता क्रूझला. तिथल्या डेलाव्हेगा कोर्सच्या सत्ताविसाव्या टीवरून, म्हणजे पहिली फेक करायच्या जागेवरून, मलाही फेकायचंय, डोंगराच्या माथ्यावरून खाली, लांबवर समुद्र. तो त्या एड हेड्रिकचं पुन्हा पुन्हा सांगत होता. साखळ्यांची बास्केट काढणारा हाच माणूस. २००२ मध्ये वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळल्या आणि त्या डिस्क घरच्यांना, मित्रांना दिल्या. आपण कृष्णेत सोडतो, यानं फेकायला दिल्या! मी आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, ‘झाडावर अडकली म्हणजे रे?’ मला उत्तर सुचलं नाही.

असो. कॅलिफोर्निया बाद, कारण या दोन गावांमध्ये साडेपाचशे-सहाशे किलोमीटर अंतर आहे आणि मिलिंदला स्वतःच्याच घरी राहून सहलीला गेल्याचं समाधान हवंय.

फिनलंड. हे खूळ बंड्याचंच. २०२५ ची जागतिक स्पर्धा टाम्पेरे आणि नोकिया इथे झाली, ते व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात बसलंय. कल्पना वाईट नाही, उलट जूनमध्ये तिथे रात्री अकरा वाजता उजेडात खेळता येतं, आणि शेजारी एस्टोनिया, आपल्या खेळातल्या क्रिस्टिन टॅटरचा देश. पण मी आणि प्रशांत अजून भारतीय पासपोर्टवाले. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट, बँकेचे कागद, परत अमेरिकेत शिरताना आपला स्टॅम्प चालू आहे का ते बघणं. चार दिवसांच्या खेळासाठी एवढं कोण करतो? ती सहल बायकापोरांसकट, वेगळी.

आता माझं. मला विचारशील तर माझं मन व्हरमाँटलाच आहे. स्मगलर्स नॉचला शेजारी शेजारी दोन कोर्स, ब्रूस्टर रिज झाडीतला आणि फॉक्स रन मेडोज मोकळा, लांबलचक. २०१८ आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धा तिथे झाल्या. ऑक्टोबरात पानं लाल-पिवळी. मला तर घरातून गाडी काढली की सहाएक तासांत पोहोचता येतं. पण त्याच पानांपायी त्या आठवड्यांत खोल्यांचे भाव असे चढतात की आपण एकमेकांचे हिशोब पुढची दिवाळी येईपर्यंत मिटवत बसू. मिलिंदला बर्लिंग्टनला यायला विमान बदलावं लागणार. आणि पाऊस लागला तर? दोन कोर्स, एक डोंगर, आणि खोलीत पत्ते. म्हणून मी माझाच घोडा मागे घेतो.

माझा हिशोब वेगळा आहे. जगात सर्वांत चांगला कोर्स कुठे, हे यूडिस्क ॲपवर कुणीही काढेल. पहिल्या दिवशी आपण सगळे वाघ असतो. प्रश्न तिसऱ्या दिवसाचा. प्रशांतचा खांदा तेव्हा बोलायला लागतो, बंड्या हरवलेली डिस्क शोधण्यात अर्धा दिवस घालवतो, तू आणि मिलिंद मात्र अजून अठरा होल म्हणून मागे लागता. अशा वेळी जे शहर ‘तुम्ही दोघं तिकडे जा, आम्ही तिघं इकडे खेळतो, संध्याकाळी जेवायला भेटू’ असं म्हणू देतं, ते आपलं शहर. एम्पोरिया ते म्हणू देईल, वाऱ्यासकट. व्हरमाँट नाही.

नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट ते म्हणू देतं. विमानाचं बघ आधी. अमेरिकन एअरलाइन्सचा तो मोठा तळ, तुझं डॅलसही त्यांचंच. नुवार्क, शिकागो, मिनिआपोलिस, सॅन फ्रान्सिस्को, सगळीकडून थेट विमान. पाचही जण दुपारपर्यंत जमू शकतो, आणि विमानतळ शहराला अगदी लागून. कोर्स सगळे काउंटीच्या बागांमधले, फुकट. हॉर्नेट्स नेस्ट आणि रेनेसाँ ही दोन तुमच्यासाठी. रेनेसाँ लांब आहे, चढउतार आहेत, तिथे तुझा फोरहँड कामाला येईल. रीडी क्रीक दाट झाडीतला. आणि किलबोर्न छोटा, जिथे ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, पिशवीतून न काढताही खेळता येतं. प्रशांतनं नुसत्या मिडरेंज आणि पटर या मध्यम आणि जवळच्या फेकीच्या डिस्कवर अठरा होल करावेत. बऱ्याच ठिकाणी जवळचा आणि लांबचा असे दोन टी असतात, त्यामुळे बंड्या आणि तू एकाच होलवर, एकाच बास्केटकडे खेळू शकता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर तो दर वेळी आपल्या मागे चालत येतो आणि आपण थांबतो, आणि त्याला ते कळतं.

झाडीचा आणखी एक फायदा. तिथे ताकदीपेक्षा सरळ फेकणं कामाला येतं. साडेतीनशे फूट फेकणारा मिलिंद पहिल्याच पाइनला आपटून परत येतो आणि बंड्याची दीडशे फुटांची डिस्क मधोमध जाऊन बसते. त्याचं तोंड बघायला मी विमानाचं तिकीट काढायला तयार आहे.

मॅकबेथचं पहिलं जागतिक विजेतेपदही याच शार्लटमधलं, २०१२ चं. हे तुला सांगायची गरज नाही, तू त्याचा भक्त.

आणि मुख्य गोष्ट तर शहराच्या बाहेर आहे. दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, साउथ कॅरोलिनात, रॉक हिल. तिथल्या विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून अमेरिकेची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते, ऑक्टोबरात. पहिल्याच वर्षी केन क्लायमो जिंकला होता. आपण तारखा जुळवल्या तर एक दिवस तिकीट काढून चक्क मोठ्यांचा खेळ बघायचा. तळ्याकाठचं मोकळं मैदान, सुमारे १० हजार फूट लांबीचा कोर्स, आणि सगळीकडे पिवळी दोरी. दोरीच्या पलीकडे गेलास की दंड. सतराव्या होलची बास्केट तर गवताच्या गठ्ठ्यांनी वेढलेली. अडीचशे फुटांच्या आसपासची फेक, आपल्यालाही जमेल इतकी सोपी दिसते, आणि त्याच जागी मोठमोठ्यांचे हात थरथरतात. टीव्हीवर ते अंतर कळत नाही. जवळ उभं राहून बघायचंय मला.

हॉर्नेट्स नेस्टवरून आठवलं. हे नाव इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसपासून आलंय म्हणतात. १७८० मध्ये तो या गावात शिरला तेव्हा लोकांनी त्याला इतकं सतावलं की त्यानं गावाला गांधीलमाश्यांचं पोळं म्हटलं. पुढच्या वर्षी यॉर्कटाउनला शरण गेला, मग गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. टिपूविरुद्धच्या युद्धात त्याच्या बाजूनं कोण होतं? तुझ्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन! गणपतीचं ते गोपुरवालं देऊळ बांधणारे. तेव्हा तासगावकरानं शार्लटला जाण्यात इतिहासाची सलगताही आहे, असं बंड्याला सांग. त्याला असं काहीतरी लागतं.

अडचणी आहेत, लपवत नाही. तिथली माती लाल, चिकण. पाऊस झाला की टीवर पाय सरकतो, जुने बूट आणा. ऑक्टोबर म्हणजे चक्रीवादळांचा मोसम संपलेला नसतो, उरलासुरला पाऊस इकडे येऊ शकतो. झाडीत पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वेल आहे आणि कॉपरहेड जातीचे सापही असतात, त्यामुळे पालापाचोळ्यात हात घालून डिस्क शोधायची नाही, काठी घ्यायची. अंधार सातच्या सुमाराला. म्हणजे दिवसाला निवांतपणे दोन फेऱ्या, त्याही पाच जण एकत्र असलो तर हळूहळू, मागच्यांना पुढे सोडत.

जेवणाचं तू बघ, तुझ्या नवरात्राच्या उपासांच्या तारखा मध्ये येतायत का तेही. शार्लटच्या बॅलंटाइन भागाकडे भारतीय वस्ती भरपूर आहे, त्यामुळे प्रशांतला शाकाहारी काय मिळेल ही चिंता नाही. संध्याकाळी कुणाला डिस्क बघायचीही इच्छा उरली नाही तर शहर आहे, सिनेमा आहे, बास्केटबॉलचे सरावसामने सुरू झालेले असतील.

माझ्या डोक्यात असं आहे: गुरुवारी दुपारपर्यंत जमायचं आणि किलबोर्नला हात मोकळे करायचे. शुक्रवारी रॉक हिल, नुसतं बघायचं, खांद्यांना विश्रांती. शनिवारी तुम्ही रेनेसाँ, आम्ही जमेल ते. रविवारी सकाळी हॉर्नेट्स नेस्ट सगळ्यांनी मिळून, दुपारनंतर विमानं. स्पर्धेच्या आठवड्यात घरं लवकर संपतात, म्हणून या महिन्यातच बुक करू या. पाच खाटांचं घर, हॉटेल नको. हॉटेलात आपण रात्री दहालाच आपापल्या खोलीत जातो.

तू फक्त दोन गोष्टी कर. मिलिंदला फोन कर, लिहू नकोस, लिहिलं की तो वाद घालतो. आणि प्रशांतला खांद्याचं डॉक्टरांना विचारायला सांग, माझं तो ऐकत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. काकूंना माझा साष्टांग.

तुझा,
नंदू

ता. क. बंड्याला फिनलंड रद्द झालं असं म्हणू नकोस. पुढच्या वर्षावर गेलं म्हण.