ती घार आहे हो, गरुड नाही!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर एवढा मोठा फोटो, खाली ठळक अक्षरात ‘गरुडभरारी’, आणि पक्षी कोण तर घार! शेपटीची खाच फोटोत सरळ दिसतेय की. घारीने शेपूट पूर्ण पसरली की ती खाच जवळजवळ गायब होते हे मान्य, पण तुमच्या फोटोत तर शेपूट मिटलेलीच आहे, मग चुकायचं कारणच नव्हतं. वर ‘रुबाबदार नर’ असंही लिहिलंय. घारीत नर-मादी रंगावरून कळतच नाहीत आणि या सगळ्या शिकारी पक्ष्यांत बहुतेक वेळा मादीच मोठी असते.

पण मला जास्त खटकलं ते आतल्या लेखातलं वाक्य, ससाणा म्हणजे गरुडाचा धाकटा भाऊ. दिसतो तसा, वाकडी चोच, नख्या, सगळं सेम, म्हणून आधी सगळेच तसं समजायचे, पण 2008 मध्ये 169 जातींच्या पक्ष्यांचे डीएनए ताडून बघितले तेव्हा ससाणा निघाला पोपट आणि चिमण्यांच्या जवळचा! गरुड, घार, शिक्रा हे वेगळंच घराणं. शिकारीतही फरक आहे, गरुड किंवा शिक्रा नख्यांनी आवळून मारतो, ससाणा पकडतो पायानेच पण मान मोडतो चोचीने, त्यासाठी वरच्या चोचीला कडेला दातासारखा एक टोकदार कंगोरा असतो, जवळून काढलेल्या फोटोत मस्त दिसतो. आणि घरटं म्हणाल तर ससाणा काड्या गोळा करायच्या भानगडीत पडत नाही, कड्याच्या कपारीत नाहीतर दुसऱ्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालून मोकळा.

आता गंमत बघा, ‘गरुड’ हे तरी एक कुळ कुठे आहे? समुद्री गरुड हा सोनेरी गरुडापेक्षा घारीला जवळचा, सर्पगरुडांची फांदी आणखी तिसरीच. म्हणजे थोराड दिसला की गरुड म्हणायचं, एवढाच त्या नावाचा अर्थ. आपली गिधाडंही याच घराण्यातली बरं का, लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर एकच विनंती, ‘शिकारी पक्षी’ असं मोघम लिहून सुटू नका, घारच लिहा.

आपला,
एक जुना वाचक